आगाम-बेरच्या भाकड मेंढ्या

मेंझच्या पठारावरचा माणूस एक वेळ जीव देईल, पण खोटं बोलणार नाही. हबतेवोल्ड हे दर रविवारी सांगायचा. चर्चमधून बाहेर आलं, की कुंपणाच्या दगडांना पाठ टेकायची, गाबीची जाड सुती शाल खांद्यावर नीट ओढून घ्यायची, काठी मांडीवर आडवी ठेवायची आणि सांगायचं. ऐकणारे माना डोलवायचे. मग त्यांच्यातलाच कुणीतरी थोरल्याला मारतात ती हाक मारून सहज विचारायचा, “गाशे, मेंढ्या किती झाल्या यंदा?” आणि हबतेवोल्ड त्याच दमात, आवाजही न बदलता म्हणायचा, “कसल्या मेंढ्या बाबा. असतील पाचसहा. त्याही आज-उद्याच्या सोबती.”

मेंढ्या तिसाच्या वर होत्या. विचारणाऱ्याने त्या सकाळीच पाहिलेल्या असत.

याला आगाम-बेर गावात खोटं म्हणत नसत. ही नुसती सभ्यता होती, चारचौघांत ढेकर दाबावी तशी. पठारावर एक कोसोचं झाड सोडलं, तर झाड असं नाहीच. एकाची मेंढी दुसऱ्याला तीन टेकड्यांवरून दिसते, तेव्हा दृष्ट लागायला आडकाठी कसली? म्हणून दुसऱ्याचं बाळ गुटगुटीत असलं, तर ‘काय हे ध्यान’ म्हणायचं. सातूचं पीक कमरेएवढं आलं, तर ‘पाखरांपुरतं आहे’ म्हणायचं. आणि मेंढी गाभण असेल, तर ती भाकड. आगाम-बेरच्या मेंढ्या आजे-पणज्यांच्या काळापासून झाडून सगळ्या भाकड होत्या आणि दर वर्षी वाढत होत्या.

हबतेवोल्डच्या कळपातली बोरा तेवढी त्याची नव्हती. ती त्याच्या बायकोची, अस्कलेची. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ही मेंढी अस्कलेला बापाने मरण्याआधी दिली होती. बोरा आता म्हातारी झाली होती. पुढचे दात गेले होते. मागची दोन कोकरं तरसाने नेली होती आणि त्यानंतर बरेच दिवस तिला काही राहिलंच नव्हतं. अस्कलेला एवढंच हवं होतं, की बोराच्या पोटची एखादी मेंढी मागे राहावी. यंदा बोरा माजावर आली आणि मग पुन्हा आलीच नाही. अस्कलेने हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही तिने कळू दिलं ते भांडी घासताना, पाठमोरी राहून.

“बोरा भाकडच दिसतेय यंदाही,” ती म्हणाली आणि राखेचा हात तोंडावर ठेवून हसली.

कोरड्या दिवसांत मेंढ्यांच्या संशोधन केंद्राची गाडी गावात आली. गाडीतून डॉक्टर सिसाय उतरला. हा शेजारच्याच तालुक्यातला. त्याच्या आईने सात पोरं वाढवली आणि शेजारणींना जन्मभर ‘दोनच जगलीत’ म्हणून सांगितलं. तेव्हा पुढचं सगळं त्याला कळायला हवं होतं. पण ते बहुतेक अभ्यासक्रमात नसावं.

चर्चमागच्या मोकळ्या जागेत मेंढ्या कोंडायचा दगडी वाडगा होता. सगळ्या माद्या तिथे आणायला सांगितलं होतं. डॉक्टर एका दगडावर चढला आणि त्याने हातातला भोंगा तोंडाला लावला. माणसं पाच पावलांवर होती, पण भोंगा सरकारी होता आणि बरोबर आणला होता.

“मंडळी, मेंढीच्या पोटात दोन बीजकोश असतात. घेवड्याच्या बीएवढे. त्यांत बारीक बारीक फोड असतात, पाणी भरलेले. मेंदूकडून रक्तातून हुकूम येतो, वाढा. मग काही वाढायला लागतात. वाढता वाढता बरेचसे वाळून जातात, एखाददुसरा टिकतो. तो फुटायच्या बेतात आला, की मेंढी माजावर येते. फुटला, की बीज बाहेर.”

“आणि रिकामा फोड?” मेरीदने विचारलं. मेरीद गावच्या पंचांतला सगळ्यात मोठा. त्याच्या मेंढ्या त्याच्या सांगण्याप्रमाणे तीन होत्या.

“चांगलं विचारलंत. त्या जागी एक पिवळी गाठ धरते. ती गाठ रक्तात निरोप सोडत राहते, की आता गप्प बसा, कुणी वाढायचं नाही. ती आहे तोवर मेंढी माजावर येत नाही.”

“म्हणजे सासूच,” मागून कुणीतरी म्हणालं. “दारात बसली, की घरात कुणाची हालचाल नाही.”

बायका हसल्या. डॉक्टरही हसला. त्याला ही उपमा इतकी आवडली, की ती त्याने पुढे चालवली. “बरोबर. या सुईतल्या औषधाने ती सासू विरघळते. मग नवे फोड एकदम वाढीला लागतात आणि दोनतीन दिवसांत सगळ्या मेंढ्या एकदम माजावर येतात. मग मी केंद्रातल्या जातिवंत एडक्याचं बीज घेऊन येतो. सगळी कोकरं एका वेळी, एका मापाची. पण एक लक्षात ठेवा. मेंढी गाभण असेल, तर हीच सासू पाळण्याची दोरी धरून बसलेली असते. तिला विरघळवलं, की पाळणा खाली. महिना-दोन महिन्यांची गाभण मेंढी या सुईने हमखास गाभडते. म्हणून मी प्रत्येकाला विचारणार आहे, आणि खरं सांगायचं.”

पोटात डोकावून बघायचं यंत्र केंद्रात एकच होतं आणि ते त्या आठवड्यात दुसरीकडे गेलं होतं. “काही बिघडत नाही,” डॉक्टर म्हणाला. “मालकाला आपली मेंढी ठाऊक असतेच.” विज्ञानाने माणसावर इतका विश्वास टाकल्याचं दुसरं उदाहरण आगाम-बेरला माहीत नाही.

एकेकाने आपल्या मेंढ्या पुढे आणायच्या. डॉक्टर भोंग्यातून विचारणार, “गाभण का भाकड?” आणि सगळ्या गावाच्या देखत मालकाने उत्तर द्यायचं. ज्यांची पोटं लपण्यासारखी नव्हती, त्या मेंढ्या घरीच ठेवल्या होत्या, म्हणजे त्या नव्हत्याच. पण ज्यांना महिना-दीड महिना झाला होता, त्या आणणं भाग होतं. न आणाव्या, तर त्या गाभण आहेत हे जाहीरच झालं असतं.

“गाभण का भाकड?”

“भाकड,” मेरीद म्हणाला.

“गाभण का भाकड?”

“हिला काय होतंय डॉक्टर. वारा खाऊन जगते ती.”

सुई टोचली, की डॉक्टरचा माणूस मेंढीच्या पाठीवर लाल खडूची रेघ ओढायचा. रांग पुढे सरकत होती. भाकड, भाकड, कायमची भाकड.

शाशितू शेवटी उभी राहायला आली होती. तिची जागा तीच. शाशितू कुंभारीण, गावातल्या प्रत्येक चुलीवरचा, इंजेराची आंबवलेली भाकरी भाजायचा तवा तिच्या हातचा आणि प्रत्येक घरातली कॉफीची सुरई तिची. तवा तिच्याकडून घ्यायचा, पण तिच्या हातचं पाणी प्यायचं नाही, ही रीत. कुंभार-लोहारांची नजर वाईट, असं गाव मानायचं. तिचा वारलेला नवरा लोहार होता, त्यामुळे तिच्याकडे नजर दुप्पट. तिची एकच मेंढी होती. डॉक्टरला रीत ठाऊक नव्हती, किंवा असेल तर त्याने ती बाजूला ठेवली. त्याने तिला हाताने पुढे बोलावलं.

“गाभण का भाकड?”

“गाभण आहे,” शाशितू म्हणाली. “दोनदा माज चुकलाय. हिला टोचू नका.”

भर चौकात कुणी पदर सोडावा तसं वाटलं लोकांना. पण शाशितूला यात काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. दृष्ट लावल्याचा आळच जन्मापासून आपल्यावर असला, की दृष्टीची भीती कुणाची धरायची?

“शाबास,” डॉक्टर म्हणाला. “बघा, असं सांगायचं.” शाशितू आपली मेंढी घेऊन भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिच्या शेजारची माणसं जरा सरकली.

मग हबतेवोल्डचा नंबर आला. सकाळी निघताना अस्कलेने त्याला बजावलं होतं, “बोराचं मोठ्याने बोलू नका. डॉक्टरच्या कानात सांगा.” बाकीच्या मेंढ्या टोचून झाल्या. बोराची दोरी धरून हबतेवोल्ड डॉक्टरच्या अगदी जवळ गेला, मान पुढे केली आणि हलकेच म्हणाला, “डॉक्टर, हिचं जरा...”

“ऐकू नाही आलं, गाशे,” डॉक्टर म्हणाला आणि आदराने त्याने भोंगाच हबतेवोल्डच्या तोंडापुढे धरला.

तेवढ्यात भिंतीपाशी उभी असलेली शाशितू मनापासून म्हणाली, “गाशे, बोराही भरलीय की. चांगलं झालं. अस्कलेला केवढा आनंद होईल.”

गावाने हे ऐकलं. दोनतीन बायकांनी छातीवर क्रूस काढला. कुणीतरी थू थू केलं. बोराच्या पोटावर आता साऱ्या गावाचे डोळे होते आणि ते पुसायचं औषध एकच होतं.

“भाकड,” तो म्हणाला.

भोंग्यातून तो शब्द वाडग्यावरून, चर्चवरून, पलीकडच्या कड्यापर्यंत गेला आणि परत येऊन त्याला ऐकू आला. सुई गेली. रेघ ओढली.

घरी जाताना ओढ्यापाशी हबतेवोल्ड थांबला. बोराला पाण्यात उभं करून वाळूने तिची पाठ घासली. बोरा थंडीने थरथरत होती. लाल रंग गेला, फिकट गुलाबी राहिला. तो ऊन पडल्यासारखा दिसेल अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

“कानात सांगितलंत ना?” अस्कलेने दारातच विचारलं.

“सांगितलं.”

“मग?”

“म्हणाला, बरं केलंत.”

हे खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. त्यात भोंगा नव्हता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर जातिवंत बीज घेऊन आला. खरोखरच मेंढ्या एकदम माजावर आल्या होत्या. गावातले एडके खुंट्याला बांधलेले. ते दिवसभर ओरडत होते. डॉक्टर खूश होता. ज्या मेंढ्या कोपऱ्यात मान घालून उभ्या होत्या, त्यांच्याबद्दल तो म्हणाला, “काही जणींना औषध उशिरा लागू होतं.”

त्यानंतर दोन दिवसांनी, धुकं अजून अंगणात असताना, अस्कले घरच्या वाडग्यात गेली. हबतेवोल्ड चुलीपाशी भाजलेले सातू चावत बसला होता. बराच वेळ ती आली नाही, तेव्हा तो उठला. अस्कले उकिडवी बसली होती. समोर शेणात एक बोटभर काहीतरी होतं. त्याला चार पाय होते, एवढं कळत होतं. बोरा ते चाटत होती.

अस्कलेने डोक्याचं फडकं सोडलं आणि ते त्यात गुंडाळलं. भिंतीच्या बुडाशी दोन दगड सरकवून आत ठेवलं, दगड पुन्हा लावले. बोरा भिंतीपाशी येऊन हुंगत राहिली. अस्कले रडली नाही. ती म्हणाली, “डॉक्टरने टोचलं नाही. तरसाने शिवलं नाही. चारा तोच, पाणी तेच. मग त्या दिवशी हिच्याकडे बघून कुणी काही बोललं का?”

आत्ता बोलायचं होतं. पठारावरचा माणूस जीव देईल वगैरे जे काही होतं, ते आत्ता. हबतेवोल्डने बोराकडे पाहिलं, धुक्याकडे पाहिलं.

“शाशितू म्हणाली होती,” तो म्हणाला. “भरलीय म्हणून.”

अस्कलेने मान हलवली आणि पाण्याला गेली.

पाणवठ्यावर कळलं, की मेरीदची एक गाभडली. त्याच्या भावाची एक. टेकडीवरच्या विधवेच्या दोन. दुपारपर्यंत दहाबारा झाल्या. सांडून गेलेल्याला आता दृष्टीची भीती नव्हती, त्यामुळे सगळ्या भाकड मेंढ्या एका दिवसात गाभण होत्या असं निघालं. डॉक्टरने वाडग्यात काय सांगितलं होतं, ते कुणी विसरलेलं नव्हतं. पण गंमत अशी, की प्रत्येक जण मनात म्हणत होता, आपली एकट्याची सुईने गेली, कारण आपण एकटेच खोटं बोललो. बाकीच्यांच्या गेल्या त्या दृष्टीने. आपलं खोटं झाकायला बाकीच्यांची दृष्ट पुरेशी होती. आणि त्या दिवशी रांगेत आणलेल्या गाभण मेंढ्यांतली एकच शाबूत होती. ती शाशितूची.

मग गावाने काही केलं नाही. गाव असं काही करतच नाही. फक्त शनिवारच्या बाजारात शाशितूचे तवे होते तसे राहिले. एका घरातला जुना तवा चुलीवर तडकला, तो चार माणसांना नेऊन दाखवला. ती वाटेने जायला लागली, की आया पोरांची तोंडं गाबीखाली घ्यायच्या. उंबरठ्यांवर दृष्ट टाळायला सतापाच्या काड्या आल्या. अब्बा किडाने, म्हणजे चर्चचे पाद्री, मेंढ्यांवर तीर्थ शिंपडून गेले आणि जाताना म्हणाले, की देवाच्या मनात काय असतं ते आपल्याला कळत नाही. हे त्यांनी शाशितूच्या घराकडे बघत म्हटलं. एका सकाळी शाशितूच्या अंगणात वाळत घातलेल्या सुरया फुटलेल्या सापडल्या. कुत्र्यांनी फोडल्या असतील, असं सगळ्यांचं मत पडलं. कुत्री एकेक सुरई उचलून दगडावर आपटत नाहीत, हे शाशितूने कुणाला सांगितलं नाही.

हबतेवोल्डला जेवण जाईना. अस्कले शिरोचं पिठलं वाढायची, तो इंजेराचा तुकडा बुडवून तसाच धरून बसायचा.

“उपास आहे का आज?” अस्कलेने एकदा विचारलं. “तो उद्या, बुधवारी. आज मंगळवार आहे.”

डॉक्टरच्या कानावर कुणकुण गेली असावी. तो पुन्हा आला. या खेपेला त्याचा चेहरा उतरलेला होता. दगडावर चढला, भोंगा तोंडाला लावला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाला, “मंडळी, मी ऐकलं ते खरं का? सुई दिलेली कुणाची गाभण मेंढी गाभडली का? मला खरं कळायला हवं. चूक माझी असेल तर ती माझी म्हणून मला सांगता येईल. मी असं सगळ्यांसमोर विचारायलाच नको होतं कदाचित.”

आणि हेही त्याने सगळ्यांसमोरच विचारलं.

वाऱ्याने गाब्यांच्या कडा फडफडत होत्या. हबतेवोल्ड पुढच्या रांगेत होता. आपण बोललो, तर बाकीचे बोलतील, असं त्याला वाटत होतं. बाकीच्यांनाही आपापल्या जागी तसंच वाटत होतं.

शेवटी मेरीद उठला. “डॉक्टर, तुम्ही विचारलंत, आम्ही सांगितलं. आमच्या सगळ्या भाकड होत्या. भाकड मेंढी गाभडेल कशी?”

डॉक्टरने सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं. त्याला हायसं वाटलं असावं. ते लपवायला तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला. मग गाडीत बसून गेला. अशा रीतीने आगाम-बेरमध्ये एकही मेंढी गाभण नव्हती, म्हणून एकही गाभडली नाही, हे गावाच्या तोंडून ठरलं. त्याच दिवशी, ऊन कलायच्या आत, त्या न झालेल्या कोकरांचा न्याय करायला पंच कोसोच्या झाडाखाली बसले. हबतेवोल्ड पंचांत होता.

दृष्टीचं नाव कुणी काढलं नाही. कुणावर असा उघड आळ घेणं आगाम-बेरमध्ये असभ्य मानतात. मेरीदने विषय काढला तो मातीच्या खाणीचा.

“ती खाण चराऊ रानात आहे. उद्या एखादं जनावर पडलं म्हणजे?”

“आजवर पडलं नाही,” एक म्हातारा म्हणाला.

“आजवर पडलं नाही, म्हणूनच आता पडेल.”

हे सगळ्यांना पटलं. खाण बुजवायची, तिथली माती कुणी काढायची नाही. कुणी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. माती काढणारी एकच बाई होती. माती नाही, तर तवा नाही. तवा नाही, तर बाईने या गावात राहून खायचं काय, तेही सांगायची गरज नव्हती.

“कुणाला काही बोलायचंय?” मेरीदने विचारलं. त्याची नजर सगळ्यांवरून फिरत हबतेवोल्डवर आली आणि थोडी थांबली. त्या नजरेत हबतेवोल्डला एक विनवणी दिसली. बोल असं ती म्हणत होती, की बोलू नकोस असं, ते मात्र कळेना.

हबतेवोल्डने तोंड उघडलं. सगळं वाक्य जिभेवर तयार होतं: मी खोटं बोललो, बोरा गाभण होती, तिला सुई टोचली. एवढंच. एका घोटाचं वाक्य.

“थंडी फार पडलीय यंदा,” तो म्हणाला.

“फारच,” मेरीद म्हणाला आणि बाकीच्यांनीही माना हलवल्या. सभा उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्कले कॉफी भाजत होती. धूर छपरापाशी कोंडला होता. हबतेवोल्ड तिच्यासमोर बसला आणि कढईतल्या बियांकडे बघत त्याने सगळं सांगून टाकलं. भोंगा, भाकड, सुई, ओढा. अस्कले कढई हलवत राहिली.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“ओल्या लोकरीतला रंग वाळूने जातो का कधी? त्याच दिवशी संध्याकाळी बघितलं मी. गुलाबी झाली होती बोराची पाठ. मी लोकर विंचरते हो, तुम्ही नाही.”

हबतेवोल्डने कढईवरून नजर वर केली. “मग तू शाशितूचं नाव का घेतलंस?”

“नाव तुम्ही घेतलंत. मी नुसतं पाणवठ्यावर नेलं.” अस्कलेने कढई खाली उतरवली. “मग काय तुमचं न्यायचं होतं? पंचांतला माणूस. दर रविवारी दगडाला टेकून बोलणारा. मी वाट बघितली ना. त्या सकाळी वाडग्यात मी तुम्हाला विचारलं, तेव्हा वाट बघत होते. म्हटलं, आता सांगतील. तुम्ही दुसरंच नाव दिलंत. दिलंत ते मी घेतलं.”

“अजून वेळ आहे. मेरीदला सांगतो.”

“मेरीदला काय सांगता? त्याची बायको आणि मी एका पाणवठ्यावर पाणी भरतो. त्याच्या मेंढीला महिना झाला होता, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.” ती बिया पाट्यावर ओतायला लागली आणि मग थांबली. सुरईच्या गळ्यापाशी तिचा हात गेला होता. सुरई शाशितूची होती. अस्कलेने ती उचलली नाही, हातही काढला नाही. “बोरा अजून भिंत हुंगते,” ती म्हणाली. “तुम्ही बघितलंय का? रोज सकाळी.”

हबतेवोल्ड उठला आणि बाहेर पडला.

शाशितूचं घर गावाच्या टोकाला, कड्याकडे जाणाऱ्या वाटेवर. तिथे जायला त्याला सगळं गाव ओलांडावं लागलं. दारांतून लोकांनी त्याला पाहिलं. कुठे निघालात, असं कुणी विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं.

शाशितूने घराचं दार काढून भिंतीला उभं केलं होतं. अंगणात गाढव उभं होतं आणि त्याच्या पाठीवर ती न विकलेले तवे पेंढ्यात गुंडाळून रचत होती. तिची मेंढी दोरीने दगडाला बांधलेली, पोट दोन्ही बाजूंना दिसण्याइतकं भरलेलं. मेहाल मेडा शहराच्या कडेला शाशितूची मावसबहीण राहते. तिथे ती निघाली होती. तिथल्या मातीचा तवा टिकत नाही, हे सगळ्या मेंझला ठाऊक आहे.

हबतेवोल्ड कुंपणापाशी उभा राहिला. चालता चालता त्याने मनात बरंच जुळवलं होतं. परमेश्वर होता त्यात, आणि त्याच्या बापाचं नावही होतं.

“एतेये शाशितू,” तो म्हणाला. तिला मोठ्या बहिणीसारखी हाक त्याने उभ्या जन्मात मारली नव्हती. “मला काही सांगायचंय.”

“सांगा, गाशे.” तिने मागे वळून पाहिलं नाही. ती दोरीचं टोक पेंढ्यातून शोधत होती.

“बोरा गाभण होती. मी खोटं बोललो. तुझ्या नजरेने काही झालं नाही. सुईने झालं.”

“मला माहीत आहे. मी भिंतीपाशीच उभी होते. सुई जाताना दिसली मला.”

“मग तू का नाही बोललीस?”

“बोलले होते की,” शाशितू म्हणाली. “एकदा बोलले तेवढं पुरलं.”

वारा उठला. तव्यांतला पेंढा उडायला लागला, तो तिने हाताने दाबला. हबतेवोल्ड कुंपणाच्या आत आला. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते वाऱ्याने आलं असं त्याला आता म्हणायचं नव्हतं.

“मी आजच पंचांना गोळा करतो,” तो म्हणाला. “नाहीतर रविवारी. रविवारी सगळं गाव असतं. चर्चसमोर उभा राहून सांगतो. अब्बा किडानेंच्या देखत, क्रूसाला हात लावून सांगतो, की आपण सगळे खोटं बोललो, मेरीदपासून माझ्यापर्यंत. ती खाण मी माझ्या हाताने पुन्हा उघडीन. मेंझचा माणूस...” इथे त्याने काठी जमिनीवर टेकली. “मेंझचा माणूस, एतेये...”

“रविवारी सांगा,” शाशितू म्हणाली. तिला दोरीचं टोक सापडलं होतं. “आत्ता जरा या गाढवाचं तोंड धरता का? गाठ मारताना चावतं.”